आर राहिला

काल सकाळी मेल आला. 'सदर जागा तूर्तास होल्डवर ठेवण्यात आली आहे.' नोकरीच्या मुलाखतीचे सहा राउंड झाल्यावर! म्हणजे मी नापाससुद्धा झालो नाही. नापास झालो असतो तर निदान स्वतःच्या नावानं खडे फोडता आले असते. आता जागाच नाही म्हटल्यावर फोडायचे कुणाच्या नावानं?

पहिले पाच राउंड भराभर उरकतो. एचआरचा फोन, ऑनलाइन टेस्ट, मग तो कॅमेऱ्यापुढचा प्रकार. समोर माणूस नाही, नुसता टायमर. ३० सेकंद विचार करायचा, २ मिनिटं बोलायचं आणि तेवढा वेळ स्वतःचाच बावळट चेहरा बघत राहायचं. मग टेक्निकल, मग असाइनमेंट. 'दोन-तीन तासांचं काम आहे' म्हणाले होते. माझे शनिवार-रविवार गेले. त्या असाइनमेंटबद्दल आजतागायत कुणी चकार शब्द काढलेला नाही. उघडून तरी पाहिली का, देव जाणे. यात विनोद काही नाही, मला राग आलाय.

सहाव्या राउंडला स्क्रीनवर दोघं होते. एक मॅनेजर आणि एक तरुण मुलगा. 'हे शॅडो करतायत, इंटरव्ह्यू घ्यायला शिकतायत. बोलणार नाहीत,' मॅनेजर म्हणाले. शॅडोनं मान हलवली आणि पेन सरसावलं.

'सहकाऱ्याशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांगा.' मी सुरू केलं. रंगात आलो आणि मॅनेजर गोठले. अर्धवट उघडं तोंड, एक डोळा मिटलेला. पाच सेकंदांनी चौकटच गायब. उरलो मी आणि शॅडो.

'नेट गेलं वाटतं त्यांचं?' मी विचारलं.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मग चॅटमध्ये उमटलं, 'सर, मला बोलायची परवानगी नाही.'

'मग मी पुढे सांगू की थांबू?'

बराच वेळ 'टायपिंग... टायपिंग...' मग, 'सर, तुम्ही स्टार पद्धतीनं सांगत होतात ना? सिच्युएशन झाली, टास्क झालं, अ‍ॅक्शन झाली. आर राहिला.'

आर म्हणजे रिझल्ट. मी त्या मुलाला रिझल्ट सांगितला. त्यानं तो इमानेइतबारे लिहून घेतला आणि 'छान' म्हणून अंगठा वर केला. आता काय करायचं? दोघंही एकमेकांकडे बघत बसलो. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, 'गूगलनं स्वतःच्याच मुलाखतींचा हिशेब मांडला होता. चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीनं माणूस कळतो, पुढच्यांनी फारसा फरक पडत नाही.'

'टायपिंग...' 'सर, पाचवा आणि सहावा कन्फर्मेशनसाठी असतो.'

'तुमचे किती झाले होते?'

तो दचकला. मागे वळून दार बघितलं. मग एकच आकडा आला, '२'. लगेच तो मेसेज डिलीटही झाला.

मला एकदम एडिसन आठवला. त्यानं १९२१ साली उमेदवारांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांचा पेपर काढला होता. तो फुटला, वर्तमानपत्रांत छापून आला आणि तेव्हा अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला कुणीतरी त्यातला प्रश्न टाकला, आवाजाचा वेग किती? जे पुस्तकात सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. आमच्या शॅडोनं नोंद केली असती, 'बेसिक्स कच्चे. आर दिला नाही.' पण निदान एडिसनचा पेपर एकदाच होता हो! सहा वेळा 'स्वतःबद्दल थोडं सांगा' नव्हतं. सहाव्यांदा सांगताना मलाच माझा कंटाळा आला होता.

अकरा मिनिटांनी मॅनेजर उगवले. 'सॉरी, सॉरी. कुठे होतो आपण?'

मी शॅडोकडे बघितलं. शॅडोनं वहीकडे बघितलं. परवानगी नसल्यामुळे दोघंही गप्प.

'असो,' मॅनेजर म्हणाले, 'स्वतःबद्दल थोडं सांगा.'

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. मी दोनदा मेल टाकला, दोन्ही वेळा 'लवकरच कळवतो.' आणि आता हा होल्ड. त्याच्या खाली एक लिंक, 'आमच्या प्रक्रियेतला तुमचा अनुभव कसा होता?' मी म्हटलं, चला, शिकवलंय तसं लिहू. सिच्युएशन लिहिली. टास्क लिहिलं. अ‍ॅक्शन तर ऐसपैस लिहिली, शनिवार-रविवारासकट. मग सबमिट दाबलं. लाल अक्षरांत आलं, 'शब्दमर्यादा संपली.'

आर राहिला.