सांता फेची माती आणि नारायण पेठेतले पत्रे

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीहून सांता फेला जाणाऱ्या रेल रनर गाडीची दारं मिटताना 'मीप मीप' असा आवाज येतो, कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्यासारखा. पुढे गाडी प्वेब्लो आदिवासींच्या जमिनीतून जाते. तिथे घोषणा होते, कृपया फोटो काढू नका. समोरच्या आजोबांनी मुकाट्याने कॅमेरा बंद केला. मी मात्र फोनमध्येच डोकं घालून बसले होते. पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि आमच्या 'वाडा' नावाच्या ग्रुपवर भांडण रंगात आलं होतं.

नारायण पेठेतला आमचा वाडा, अकरा वाटेकरी, तीन जुने भाडेकरू आणि दाराशी फेऱ्या मारणारा एक बिल्डर. पाडायचा की ठेवायचा, हा वाद चार वर्षं चालू आहे. 'ठेवा' म्हणणाऱ्यांत मी सर्वांत पुढे, आणि राहते डेन्व्हरला. त्या दिवशी धाकट्या चुलतभावाने लिहिलं, "हेरिटेज ही तिकडे राहणाऱ्यांची हौस आहे. इथे जिना उतरताना कठडा हातात येतो." त्याला उत्तर द्यायला मला सांता फेसारखं गाव हवंच होतं. ऑफिसच्या कामाने अल्बुकर्कीत आले होते, एक दिवस मोकळा मिळाला, एकटीच निघाले.

सांता फे महाबळेश्वरपेक्षा अडीच हजार फुटांहून जास्त उंच आहे. स्टेशनपासून प्लाझापर्यंतच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकापर्यंतच्या साध्या चालण्यातही दम लागला. पण समोर जे दिसत होतं ते अगदी मला हवं तसं होतं. सगळं गाव भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं. भिंतींचे कोपरे गोलसर, छताखालून बाहेर डोकावणारे लाकडी वासे, दारावर लाल मिरच्यांच्या माळा. काचेची एक इमारत नाही. मी धडाधड फोटो ग्रुपवर टाकले. 'बघा, यांनी कसं जपलंय!'

प्लाझाच्या उत्तरेला स्पॅनिश गव्हर्नरांचा जुना वाडा आहे, १६१० च्या सुमाराचा. १६८० मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज गेले त्याच वर्षी, पोपे नावाच्या प्वेब्लो पुढाऱ्याने गाठी मारलेल्या दोऱ्या धावपटूंबरोबर गावोगाव पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव. स्पॅनिश लोक दक्षिणेला एल पासोपर्यंत पळाले आणि पुढची बारा वर्षं हा वाडा प्वेब्लो लोकांच्या हातात होता. हे वाचताना अंगावर काटा आला. मग पुढचा फलक वाचला. समोरची ती देखणी ओसरी १९१३ ची! एकोणिसाव्या शतकात इथे नक्षीदार कठड्याचा व्हिक्टोरियन व्हरांडा होता. तो काढून 'जुना' दिसेल असा नवा बांधला.

अख्ख्या गावाची गोष्ट थोडीफार अशीच आहे. १८८० मध्ये रेल्वेची मुख्य लाइन सांता फेला बगल देऊन गेली, गाव मागे पडलं. १९१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य झालं तेव्हा शहाण्या लोकांनी ठरवलं की आपल्याकडे मातीची घरं आहेत, तीच पर्यटकांना दाखवू. १९५७ मध्ये तसा कायदाच केला. जुन्या भागात काय बांधायचं, किती उंच, कोणत्या रंगाचं, खिडकीची काच केवढी, सगळं ठरलेलं. आतून लाकडी सांगाडा आणि वरून सिमेंटचा गिलावा असला तरी चालतं, रस्त्यावरून माती वाटली पाहिजे.

आधी मला फसवल्यासारखं वाटलं. नंतर वाटलं, यात वाईट काय? आपल्याकडे हेरिटेजच्या यादीत नाव लागलं की ओझं एकट्या मालकाच्या डोक्यावर. इथे नियम शेजाऱ्याला, बँकेला, पार्किंगच्या इमारतीलासुद्धा. पेठांमध्ये असा एखादा नियम असता, तर एका वाड्याशेजारी आठ मजली आरसा उभा राहिला नसता.

ओसरीखाली आदिवासी कारागीर चादरी अंथरून बसतात, स्वतः किंवा घरच्यांनी घडवलेलंच विकायचं हा दंडक. एका बाईंकडून फिरोज्याची कानातली घेतली. तुमचं घर मातीचं का, असं विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, आईचं होतं, दर वर्षी लिंपायला लागायचं. माझ्या भिंती सरळ आहेत, मला त्याच आवडतात.

सान मिगेल चर्चमध्ये याचीच दुसरी बाजू कळली. १६८० च्या उठावात जळालेलं आणि १७१० मध्ये पुन्हा उभं केलेलं हे चर्च. मातीच्या भिंतींवर कुणीतरी 'टिकाऊ' म्हणून सिमेंट लावलं होतं, ओल आतच कोंडली आणि भिंती पोखरायला लागल्या. शेवटी सिमेंट खरवडून पुन्हा मातीच लावली. आमच्या मागच्या भिंतीला काकांनी १९९२ मध्ये सिमेंटच मारलं होतं. ती आता फुगली आहे. याचा फोटो मी ग्रुपवर टाकला नाही.

दुपारी एन्चिलाडा मागवला. वेटरने विचारलं, लाल की हिरवी? दोन्ही मिरच्यांची चटणी हवी असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. आपल्या खर्ड्यापुढे ती फिकीच, पण नाव झकास.

मग कॅनियन रोड. जुना पाण्याचा पाट जवळूनच वाहतो, घरं पूर्वी शेतकरी कुटुंबांची होती. आता गॅलरीला लागून गॅलरी. एका दाराची चौकट आमच्या दिंडी दरवाज्यासारखी घासून गुळगुळीत झालेली. आत पितळेचं हरिण, किंमत विचारायची नाही अशी. मी तासभर फिरले, वाळत घातलेला एक टॉवेल दिसला नाही. जुन्या घराण्यांतली कितीतरी माणसं महागाईने शहराच्या दक्षिणेला गेली आहेत. भिंती राहिल्या, स्वयंपाकघरं गेली. आमच्या वाड्यात अजून काकू पहाटे उठून मोरीत बादली लावते. आणि तो वाडा तसाच ठेवा, असं मी तिला दोन बेडरूमच्या उबदार घरातून सांगत असते.

परतीच्या गाडीत चुलतभावाला लिहायला घेतलं. 'तुझं बरोबर आहे' लिहिलं, खोडलं. कारण तो बिल्डर बांधणार ते मला माहीत आहे, खाली पार्किंग आणि वर कोंबडीची खुराडी. शेवटी लिहिलं, 'मी माझं मत मागे घेते. काकू म्हणेल तसं.' पुण्यात पहाटेचे साडेपाच झाले असतील. काकूचं उत्तर लगेच आलं.

"माझं मत मी कधीच सांगितलंय, कुणी वाचत नाही. पावसाळ्याआधी मागचे पत्रे बदलायचेत. तुझ्या वाट्याचे अठरा हजार होतात. पाठव."

घोषणा झाली, कृपया फोटो काढू नका. मी बँकेचं ॲप उघडलं.