काका, तुमच्या नातीसाठी

नमस्कार काका,

लेकीच्या ॲनोरेक्सियाबद्दल, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायला लावणाऱ्या मानसिक आजाराबद्दल, मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणालात, "ही भरल्या पोटाची थेरं. आमच्या आईने जन्मभर सोमवार केले, तिला काही झालं नाही. दोन दिवस ताट वाढू नका, भूक लागली की झक मारत जेवेल. माझी नातही हल्ली एकदाच जेवते, आम्ही लक्षच देत नाही." शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर.

तुमच्या आईंचा सोमवार सुटायचा. माझ्या लेकीचा उपास सुटेचना. आधी संकष्टी, मग गुरुवार, मग "पोट जड वाटतंय". आम्ही कौतुक करत राहिलो. पाळी थांबली, भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायला लागली, तेव्हा हादरलो. "जाड होईन" असं ती एकदाही म्हणाली नव्हती. आपल्याकडे बऱ्याच मुली पोटाचीच तक्रार सांगतात, म्हणून आजार लवकर कळत नाही. आम्हालाही एका डॉक्टरांनी भुकेचं टॉनिकच दिलं होतं.

१९४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन चौथाईने उतरलं. त्यातले काही जण ताटावर तासन्‌तास बसायचे, घासाचे बारीक तुकडे करायचे, पाककृतींची पुस्तकं जमवायचे, माणसं टाळायचे. हे वाचून मी रडले. माझी पोर पोळीचे नखाएवढे तुकडे करायची आणि रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघायची. मी त्याला हट्ट समजत होते. उपासमारच डोकं असं फिरवते, आणि या आजारात ती आणखी उपाशी राहायला लावते. ताट काढून घेणं म्हणजे आजाराला मदत.

एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं. रक्तातला फॉस्फेट हा क्षार घसरून हृदयावर येतं. म्हणून सुरुवात रुग्णालयात, रोज रक्त तपासत झाली. पुढे घरी, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आलेल्या पद्धतीने: काय आणि किती खायचं ते आईवडील ठरवणार, ताट संपेपर्यंत शेजारी बसणार, सावरेल तसा निर्णय हळूहळू मुलीकडे देणार. एका वाटी वरणभातासाठी मी दीड दीड तास बसले आहे. ती किंचाळायची, वाटी भिरकावायची. मी दुसरी वाढायचे आणि म्हणायचे, "हे औषध आहे. मी इथेच आहे." असे कितीतरी महिने गेले.

नातीच्या आईला आजच विचारा: पाळी थांबली आहे का? चक्कर येते का? सारखी थंडी वाजते का? यातलं एक जरी असेल तरी याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. नाडी, रक्त, ईसीजी बघायला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. तिला रागावू नका. आणि मला कळवा, मी वाट बघते.