डेटा मुका ठेवण्याविषयी नवसंशोधकांस हिताच्या चार गोष्टी

संशोधनक्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या आपल्यासारख्या होतकरू मंडळींना वडीलधारे सांगतात की शोधनिबंध लिहा, परिषदांना जा, अनुदान पदरात पाडून घ्या. या सगळ्याहून टिकाऊ मिळकत कोणती, हे मात्र कोणी सांगत नाही. ती म्हणजे आपल्यावाचून कोणालाही उलगडणार नाही अशी डेटाची फाइल. जिचा अर्थ केवळ आपल्या डोक्यात आहे, अशी एखादी फाइल हाताशी असली की बदलीची भीती राहत नाही, निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून बोलावणे येते आणि दुसऱ्यांच्या शोधनिबंधांवर आपले नाव आपोआप चढते.

या सुखावर पहिला घाला खगोलशास्त्रज्ञांनी घातला. 1981 साली त्यांनी फिट्स नावाचा फाइल-प्रकार प्रसिद्ध केला. त्यात आकडे सुरू होण्याआधीच 80-80 अक्षरांच्या ओळींत साध्या मजकुरात सारा तपशील दिलेला असतो. त्याच दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात एचडीएफ आणि बोल्डर येथील युनिडाटा या संस्थेत नेटसीडीएफ हे असेच फाइल-प्रकार आकाराला आले. या साऱ्यांचा कावा एकच होता. चलाचे, म्हणजे मोजलेल्या राशीचे, नाव, एकक, अक्षांश-रेखांश, काळाचा आरंभबिंदू आणि गहाळ नोंदीची खूण हे सारे आकड्यांबरोबर एकाच फाइलीत ठेवायचे आणि ते वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायब्ऱ्या सर्वांना फुकट वाटायच्या. मग कोणीही उठावे, एक आज्ञा द्यावी आणि फाइलीने स्वतःची कुंडली स्वतःच वाचून दाखवावी! ज्याने ती फाइल कष्टाने तयार केली, त्याला विचारण्याची गरजच उरली नाही.

यावर सर्वांत जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे निव्वळ बायनरी फाइल, म्हणजे कसलाही तपशील न देता नुसते आकडे संगणकाच्या भाषेत एकापाठोपाठ रचलेली फाइल. पुण्याहून भारतीय हवामानशास्त्र विभाग 1901 पासूनचे दैनिक पर्जन्यमान अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या जाळीवर उपलब्ध करून देतो. ते नेटसीडीएफमध्येही मिळते, पण आपण तिकडे ढुंकूनही पाहू नये. बायनरी फाइल घ्यावी, सोबतची माहिती वेगळ्या फोल्डरात पडू द्यावी आणि सहकाऱ्याला फक्त फाइल पाठवावी. लीप नसलेल्या वर्षाची फाइल 2,54,25,900 बाइटची भरते. तो बिचारा तिला आधी 4 ने (एका आकड्याचे बाइट) आणि मग 365 ने (दिवस) भागेल, हाती 17,415 येतील आणि जाळी 135 गुणिले 129 ची, 215 गुणिले 81 ची की 405 गुणिले 43 ची, या विचारात त्याची दुपार जाईल. ते जमले तरी ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात की उलट, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो चुकला की केरळातला मान्सून थेट लडाखमध्ये कोसळतो. शिवाय समुद्रावरच्या चौकटींत -999 हा आकडा भरलेला असतो. ती गहाळ नोंदीची खूण आहे, हे आपण शिताफीने सांगायचे विसरलात, तर किनाऱ्यालगतच्या पट्ट्याची जुलैची सरासरी उणे काहीशे मिलीमीटर निघते. भर पावसाळ्यात कोकणात उणे पाऊस पडलेला पाहून तो आपल्या दाराशी येईल, तेव्हा त्याला जरा ताटकळत ठेवावे.

ज्यांना बायनरीचा कंटाळा आहे, त्यांनी एक्सेलचा आश्रय घ्यावा. तेथे आपल्याला काहीच करावे लागत नाही. 'मार्च1' आणि 'सेप्ट2' या मानवी जनुकांना एक्सेलने इतकी वर्षे नेमाने तारखा बनवले की 2020 साली जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले.

खरी कसोटी लागते ती नियतकालिक किंवा अनुदान देणारी संस्था 'नेटसीडीएफच पाहिजे' असा हट्ट धरते तेव्हा. अशा वेळी घाबरून जाऊ नये. स्वरूप बोलके असले तरी त्यात बोलायचे की नाही, हे अखेर आपल्याच हाती असते. नेटसीडीएफची लायब्ररी एककाची जागा देते, पण ती रिकामी सोडली म्हणून फाइल लिहायचे नाकारत नाही. तेव्हा चलाचे नाव 'चल1' ठेवावे आणि दीर्घ नावाच्या जागी 'डेटा' असे लिहावे. पावसाचे एकक तर मुळीच लिहू नये. हवामान प्रारूपे, म्हणजे हवामानाचे गणित मांडणारे संगणकीय कार्यक्रम, पाऊस दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती किलोग्रॅम असा मोजतात आणि त्याला 86,400 ने गुणल्यावर दिवसाचे मिलीमीटर मिळतात, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपल्या डेटात जन्मभर अवर्षणच दिसेल.

याहून वरची पायरी म्हणजे दाबून भरलेले आकडे. जागा वाचवण्याच्या नावाखाली तापमान 16 बिटांच्या पूर्णांकात बसवावे आणि ते मूळ रूपात आणणारे गुणक व बेरजांक नंतर अलगद काढून टाकावेत. वाचणाऱ्याला नागपूरचे तापमान -12,431 दिसेल आणि त्याचे समाधान होणार नाही. काळाच्या बाबतीत 'अमुक दिनांकापासूनचे दिवस' एवढे लिहून दिनदर्शिका कोणती ते गाळावे. काही ब्रिटिश हवामान प्रारूपांचे वर्ष 360 दिवसांचे असते आणि त्यात 30 फेब्रुवारी रीतसर उजाडतो. अशी फाइल नेहमीच्या दिनदर्शिकेने वाचली, तर वर्षाला पाच दिवसांची घसरण होत होत दहाएक वर्षांत मान्सून ऐन उन्हाळ्यात दाखल होतो आणि त्यावर एखादा स्वतंत्र शोधनिबंधही होऊ शकतो.

सीएफ या संकेतांपासून मात्र जपून असावे. हवामान आणि पूर्वानुमानाच्या डेटासाठी चलांची प्रमाण नावे, एकके आणि दिनदर्शिका ठरवणारे हे संकेत 2003 पासून प्रचारात आहेत. ते पाळले आहेत की नाही, हे तपासणारी साधनेही निघाली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या प्रारूपाचे निकाल हवामान प्रारूपांच्या जागतिक तुलनेच्या सहाव्या फेरीत गेले, तेही याच शिस्तीत. एवढ्या मोठ्या संस्था वश झाल्यावर आपली बाजू लढवणार कोण, हा प्रश्न मलाही पडतो.

शेवटची सूचना अतिमहत्त्वाची आहे. आपण नेटसीडीएफ फाइली हाताळणारी एनसीओसारखी साधने वापरून फाइलीवर काही संस्कार केलेत, तर ती साधने दिलेली प्रत्येक आज्ञा तारीखवार फाइलीच्या 'हिस्टरी' या नोंदीत गुपचूप लिहून ठेवतात. कोणत्या दिवशी कोणते वर्ष गाळले आणि एकक कधी पुसले, हे सारे तेथे उघडे पडते. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी ती नोंद अवश्य पुसावी. पुसताना मात्र नोंद न करण्याचा पर्याय आठवणीने द्यावा; नाहीतर आपण इतिहास पुसला, ही आज्ञाच तारीख आणि वेळेसह तेथे पुन्हा लिहिली जाते.