‘१४ लाखांत ५५ लाखांची गाडी’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. तालमीच्या ग्रुपवर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि शेवटी भाच्याने थेट मलाच पाठवला. खाली त्याची एक ओळ होती: "मामा, टोकन देऊ का?"

मेसेज थोडक्यात असा. १४-१५ लाखांची नवी गाडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तेवढ्याच पैशात आठ वर्षं जुनी जर्मन लक्झरी गाडी मिळते, जिची नवी किंमत ५५ लाख होती. तिची किंमत पडायची ती पडून झाली, आता तुमचं नुकसान नाही. मेंटेनन्स महाग ही शोरूमवाल्यांनी उठवलेली आवई आहे, बाहेरचा हुशार मिस्त्री निम्म्यात काम करतो. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक ही जर्मन गाडी आजही दसऱ्याला चालते, मग आठ वर्षांच्या गाडीला काय होतंय? काही झालंच तर विमा आहे, ग्राहक न्यायालय आहे. आणि जीव महत्त्वाचा असेल तर जर्मन गाडीला पर्याय नाही.

मी अशी गाडी साडेतीन वर्षं वापरली. २०१३ चं मॉडेल २०२१ च्या दिवाळीत घेतलं आणि २०२५ च्या मे महिन्यात विकलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एका कंपनीपुरतं नाही. सगळी बिलं फाइलला लावलेली आहेत. खालचे आकडे त्यातलेच.

आधी किंमत. "पडायची ती पडून झाली." मी १४ लाख ५० हजारांना घेतली आणि ५ लाख २५ हजारांना विकली. गेले ९ लाख २५ हजार, म्हणजे जवळपास ६४ टक्के. आता नव्या गाडीचं बघा. मोटार विम्यात गाडीची किंमत ठरवायला घसाऱ्याचा एक ठरलेला तक्ता वापरतात: गाडीच्या दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. बाजारभाव थोडा इकडे-तिकडे होतो, पण अंदाजाला हा तक्ता पुरतो. साडेतीन वर्षांत नव्या गाडीचे ४० टक्के गेले असते. माझे ६४ गेले. दहा वर्षं ओलांडलेल्या लक्झरी गाडीला गिऱ्हाईक फार कमी, आणि जे येतं ते सोबत मिस्त्री घेऊन येतं. त्याने बॉनेट उघडलं की भाव लाखाने खाली.

पण या मुद्द्यातली खरी चूक वेगळीच आहे. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. ५५ लाखांच्या गाडीचा हेडलाइट, गिअरबॉक्स, शॉकॉब्सर हे सगळं ५५ लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतं, तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उलट मॉडेल बंद होऊन वर्षं गेली की भाव चढतो आणि पार्ट यायला आठवडे लागतात. हा एक हिशेब मेसेज लिहिणाऱ्याने वगळला आणि त्याचं बाकीचं सगळं गणित त्यावर उभं केलं.

"मेंटेनन्सची आवई." इथे जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात जास्त झोप याने उडवली.

माझ्या गाडीला एअर सस्पेन्शन होतं. स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे, त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, आणि उंची मोजणारे सेन्सर. चालवताना पाण्यावरून होडी जावी तसं वाटतं, हे मी नाकारणार नाही. २०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी बघतो तर गाडी पुढच्या डाव्या बाजूला बसलेली, चाक कमानीच्या आत गेलेलं. चालू केल्यावर कशीबशी उठली. चार दिवसांनी तेवढंही उठेना. गाडीला जोडून बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरने कॉम्प्रेसरचा फॉल्ट दाखवला, कॉम्प्रेसर बदलला, ६२ हजार रुपये. सात महिन्यांनी पुन्हा तेच, त्याच बाजूला.

दुसऱ्या वेळी एका जाणत्या मिस्त्रीने चाक काढलं आणि फुग्याच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं. बारीक बुडबुडे यायला लागले. मूळ दुखणं तिथे होतं. रबर दहा वर्षांत घडीवर चिरतं आणि हवा हळूहळू गळते. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून बंद व्हायला बनवलेला असतो, पण गळणारी हवा भरून काढायला तो सारखा चालत राहतो, तापतो आणि जळतो. म्हणजे पहिला कॉम्प्रेसर गळतीने मारला, आणि नवा बसवून आम्ही तोही त्याच गळतीच्या तोंडी दिला. पहिल्या मिस्त्रीने फसवलं नाही. स्कॅनर जे मेलं ते दाखवतो, कशाने मेलं ते दाखवत नाही. या वेळी पुढचे दोन्ही फुगे आणि पुन्हा कॉम्प्रेसर मिळून १ लाख ९० हजार झाले.

याच बिलात मेसेजमधल्या "निम्म्यात काम" या शब्दांचंही उत्तर आहे. १ लाख ९० हजारांत मजुरी होती १६ हजार. बाहेरचा मिस्त्री मजुरी निम्म्याने कमी लावेल, नव्हे लावलीच होती. पार्ट त्यालाही तेवढ्यालाच पडतो.

बाकीचं भराभर सांगतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतलं थर्मोस्टॅटचं घर (हाउसिंग) आणि कूलंटचा पाइप प्लास्टिकचे, वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ठिसूळ झाले आणि सातारा सोडल्यावर खंबाटकीच्या अलीकडे फुटले: ३८ हजार. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या, टायरचा संच ८४ हजार. बॅटरी २८ हजार, आणि ती नुसती बसवून चालत नाही, स्कॅनर लावून गाडीला नवी बॅटरी आल्याची नोंद द्यावी लागते, नाहीतर गाडी जुन्याच हिशेबाने तिला चार्ज करत राहते. कोल्हापुरात तेव्हा माझ्या गाडीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नव्हतं. पुणे २३० किलोमीटर, दोनदा फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर, चढवून नेली, एका खेपेला १४ हजार.

गिअरबॉक्सचं मात्र नीट सांगायला हवं, कारण जुनी ऑटोमॅटिक घेणारा प्रत्येक जण इथे सापडू शकतो. ऑइल "आयुष्यभरासाठी" भरलेलं आहे, बदलायची गरज नाही, असं अनेक गाड्यांच्या बाबतीत सांगितलं जातं. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी कंपनी स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर ८ वर्षांनी, ऑइल बदला. माझ्या आधीच्या मालकाने ते कधीच बदललं नव्हतं, आणि मीही घेताना विचारलं नाही. दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना गाडी हिसका द्यायला लागली. आतला कंट्रोल युनिट बदलायला १ लाख ८५ हजार.

तीन वार्षिक सर्व्हिसिंगचे ४०-४० हजार धरून साडेतीन वर्षांत ७ लाख ३५ हजार. त्यात पडलेली किंमत मिळवा, १६ लाख ६० हजार. गाडी चालली ३१ हजार किलोमीटर. इंधन आणि विमा सोडून किलोमीटरला जवळपास ५४ रुपये.

आता मेबॅक. हा मुद्दा वाचून मला वाईट वाटलं, कारण कोल्हापूरच्या माणसाला तो लगेच भिडतो. दसरा चौकात सोनं लुटायच्या सोहळ्याला ती गाडी येते तेव्हा मी लहानपणापासून गर्दीत उभा राहिलेलो आहे. ती चालते, खरं आहे. पण का चालते ते समजून घ्या.

माझं उद्यमनगरात मशिनशॉप आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. इथल्या फौंड्रीत कास्टिंग ओतायचं, लेथवर घासायचं, बुश मारायचा, शाफ्ट बनवायचा, हे या गावाच्या हाताला बसलेलं काम आहे. १९३० च्या दशकातल्या गाडीत जे जे झिजतं ते धातूचं, रबराचं किंवा चामड्याचं असतं. नमुना हातात दिला की टर्नर मापं घेतो आणि दुसरा करून देतो. पॅटर्न करा, ओता, मशीनिंग करा, बसवा. अशी गाडी नव्वद वर्षं टिकते याचं कारण ती माणसाच्या हाताने पुन्हा पुन्हा घडवता येते. शिवाय ती वर्षातून मोजकीच चालते आणि तिच्यामागे जपणारी माणसं असतात.

२०१३ च्या गाडीत डझनांनी कंट्रोल मोड्यूल, म्हणजे गाडीचा एकेक भाग चालवणारे छोटे कॉम्प्युटर, असतात. सीटखाली, डिकीत, दारात. त्यांतला एक बिघडला तर लेथचा काही उपयोग नाही. आत काय आहे हे कंपनीलाच माहीत, आणि ते सील केलेलं. भंगारातून दुसऱ्या गाडीचा मोड्यूल आणावा, तर चोरी रोखण्यासाठी बरेच मोड्यूल चासी नंबरला बांधलेले असतात. कंपनीच्या सर्व्हरवरून परवानगी मिळेपर्यंत ते गाडी ओळखतच नाहीत. माझ्याकडे तीस वर्षं काम केलेला फिटर आहे, बंद पडलेलं कुठलंही ऑइल इंजिन तो आवाजावरून ओळखतो. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पेटलेल्या पिवळ्या दिव्यापुढे तो हात बांधून उभा राहिला, आणि त्या दिवशी मला फार लागलं. कौशल्यात तो कुठेच कमी नव्हता. त्याला आत शिरायला वाटच ठेवलेली नव्हती. मेबॅकचा दाखला देऊन आजची लक्झरी गाडी विकणं म्हणजे त्या जुन्या गाडीचा आणि आपल्या कारागिरांचा, दोघांचाही गैरवापर आहे.

"मग २०२० नंतरची घ्या," असं कुणी म्हणेल. एप्रिल २०२० पासूनच्या, बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. राजारामपुरी ते महाद्वार रोड आणि परत, एवढीच तुमची रोजची धाव असेल तर ते जाळणं अर्ध्यावर तुटतं, फिल्टर तुंबतो आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेल लक्झरी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"विमा आहे." विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. झीज, यांत्रिक बिघाड आणि इलेक्ट्रिकल बिघाड हे साध्या पॉलिसीतून वगळलेले असतात. माझ्या फाइलमधल्या एकाही दुरुस्तीला विम्याचा रुपया मिळाला नसता. अपघात झाला तरी रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के कापतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के. ही कपात टाळणारं झिरो डेप जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

कोल्हापूरकरांनी यात पूरही धरावा. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला ती कुठवर गेली आणि शिरोलीला महामार्ग कसा बंद पडला हे आपण पाहिलंय. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून इंजिनात पाणी ओढलं, तर इंजिनाचं ते नुकसान साधी पॉलिसी देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. आणि सीटखालच्या त्या मोड्यूलना बुडायला गुडघाभर पाणीही नको.

"ग्राहक न्यायालय." अमेरिकेत राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’ आहेत, वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीला बदलून द्यायला लावणारे. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. नव्या गाडीत उत्पादनातला दोष असेल तर जरूर जा, बिलं आणि जॉबकार्ड जपून ठेवा. पण दहा वर्षं वापरलेल्या रबराची चीर हा उत्पादनातला दोष आहे, हे तुम्ही कसं सिद्ध करणार? आणि गाडी ओळखीतल्या माणसाकडून घेतली असेल, तर तो व्यापारी नसल्यामुळे हा दरवाजा जवळपास बंदच.

सुरक्षिततेचा मुद्दा अर्धा खरा आहे. अशा गाड्यांची बांधणी भक्कम असते, १२० च्या वेगात त्या रस्ता धरून राहतात. पण एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला असताना खर्च परवडत नाही म्हणून तशाच चालवलेल्या गाड्या मी या शहरात पाहिल्या आहेत. त्या गाड्यांतल्या एअरबॅगवर मी माझ्या पोरांचा जीव सोपवणार नाही. आणि पर्याय नाही हे तर आता खरंच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या क्रॅश चाचणीत पाच तारे मिळाले, ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. १४ लाखांत पाच तारे आज मिळतात.

भाच्याला मी नको म्हटलेलं नाही. त्याला अशी गाडी आवडते, आणि ते आवडणं मला कळतं. मात्र गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे बँकेत वेगळे असतील तरच घे, आणि टोकन द्यायच्या आधी तीन गोष्टी कर, एवढं मी सांगितलंय. गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिल माग. स्कॅनर लावून वेगवेगळ्या मोड्यूलमधलं किलोमीटर मीटरशी जुळतंय का बघ. आणि गाडी रात्रभर बंद ठेवायला सांग. सकाळी कुणी चालू करायच्या आधी चारी चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजायचं, डावं-उजवं सारखं आलं पाहिजे. रविवारी सकाळी सातला मी टेप घेऊन येतोय.