खासदार हवेत? मग तिळ्यांचं बघा

दिल्लीत कोल्हापूरचं कुणी ऐकत नाही, ही तक्रार तुम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावर आठवड्यातून एकदा तरी करत असणार. सरकारला शिव्या घालून झाल्या, की उठता उठता नेत्यांनाही घालत असणार. उगीच हो. खासदार कमी पडतात, कारण तुमच्या घरात पोरं कमी पडली.

राज्यघटनेचं कलम 81 सांगतं, राज्यांना लोकसभेच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्या. कलम 82 सांगतं, दर जनगणनेनंतर वाटणी नव्यानं करा. त्याप्रमाणं झालीही, 1967 ला मद्रास राज्याच्या 41 जागांच्या 39 झाल्या. मग 1976 मध्ये 42 व्या घटनादुरुस्तीनं सगळं 1971 च्या आकड्यांवर गोठवलं, म्हणजे कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांना त्याचीच शिक्षा नको. ती मुदत संपत आली तेव्हा 84 व्या दुरुस्तीनं ती 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढं ढकलली. थोडक्यात, मांडवात 2011 चीच माणसं धरली तरी 121 कोटी, आणि आचारी रस्सा टाकतोय 1971 च्या 54 कोटींच्या यादीवर. केरळात 17 लाखांना एक खासदार, राजस्थानात 27 लाखांना. आपला महाराष्ट्र 23 लाखांवर, देशाच्या सरासरीच्या आसपास. धड रडताही येत नाही.

पण कोल्हापूरकरानं रडायला हरकत नाही. राज्यांची वाटणी गोठलेलीच राहिली, तरी राज्याच्या आतली आखणी पुढं मोकळी झाली. 2001 च्या जनगणनेवरून मतदारसंघ नव्यानं आखले, विधानसभेच्या जागा 288 च्या 288 राहिल्या, आणि आपल्या जिल्ह्याच्या 12 च्या 10 झाल्या. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज ही नावं यादीतून गेली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण बघून शहाण्यासारखं वागलात ना? घ्या आता.

तर उपाय. पहिला, गोव्याला जा. नाहीतरी शनिवार-रविवारी आंबोली उतरताच, या खेपेला बिऱ्हाड घेऊन उतरा. 2011 ला अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, खासदार दोन. आपला जिल्हा पावणेएकोणचाळीस लाखांचा. त्याच्या वाट्याला एक आख्खा खासदार आणि दुसरा सांगलीबरोबर भागीदारीत, कारण हातकणंगले मतदारसंघात इस्लामपूर आणि शिराळाही येतात. गोव्याला हा मान का? तर 60 लाखांपर्यंतच्या राज्याला कलम 81 मधली प्रमाणाची अट लागूच होत नाही. आपणही आज 60 लाखांच्या आतच असतो की! पण आपलं संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती सोय हुकली. योगायोग बघा, 2026 नंतरची ती पहिली जनगणना ज्या दिवशीची माणसं धरणार, तो दिवसही 1 मार्चच आहे, 2027 सालचा. (लक्षद्वीपला तर 64 हजारांत एक खासदार मिळतो. पण तिथं तांबडा-पांढरा कुठं मिळायचा?)

गोवा जमत नसेल तर दुसरा उपाय, घरचाच. मात्र इथं जपून. राज्याचं वजन वाढवायला पोरं हवीत, पण गावात पुढारपण करायचं असेल तर दोनच हवीत. 2001 च्या सप्टेंबरानंतर तिसरं झालं की महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. म्हणजे ज्याला सदस्य व्हायचंय त्यानं दोनवर थांबायचं आणि राज्याचे खासदार वाढवण्याची कामगिरी शेजाऱ्यावर सोपवायची. शेजाऱ्यालाही उभं राहायचं असलं तर पंचाईत. पण कायदा करणारा दयाळू होता. घरात एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही झाली, तरी ती सगळी मिळून एकच धरतात. तेव्हा दुसऱ्या खेपेला तिळ्यांचंच बघा. ग्रामपंचायतीच्या हिशोबात दोन, जनगणनेच्या वहीत चार. वहिनींना मात्र तुम्हीच विचारा, आम्ही मध्ये पडणार नाही.

तिसरा उपाय सांगायला जरा जड जातोय. पानटपरीवर उभं राहून शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या परप्रांतीय पोरांना तुम्ही जे काही म्हणता, ते मार्च 2027 पर्यंत मनातच ठेवा. जनगणनेत माणूस राहतो तिथं मोजला जातो, गाव बिहारातलं असलं तरी. तो इथं राहिला तर महाराष्ट्राच्या पारड्यात. त्याला हाकललंत तर तो एकटा जात नाही, जागेचा तेवढा तुकडाही पाटण्याला घेऊन जातो. आणि तुमची स्वतःची पोरं? थोरला हिंजवडीला, धाकटी ठाण्याला. राज्याच्या हिशोबात आहेत म्हणा, पण जिल्ह्याच्या जागा ठरतील तेव्हा ती पुण्या-ठाण्याची.

तेव्हा प्रगणक दारात आला आणि "घरात माणसं किती?" म्हणाला, की तुम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसू नका. त्याला चहा द्या आणि मागच्या पत्र्याच्या खोलीकडं न्या. तिथं सहाजण भाड्यानं राहतात. दार जोरात वाजवा, रात्रपाळी करून झोपलेले असतात.