फ्रीझरमधलं दुसरं किट

गोल्डन स्टेट किलरचा विषय निघाला की गाडी थेट डीएनएवर येते. विज्ञानाने कमाल केली वगैरे. केलीच. १९७० आणि ८०च्या दशकांत कॅलिफोर्नियात १३ खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार करणारा जोसेफ डीअँजेलो एप्रिल २०१८मध्ये पकडला गेला, तेव्हा ७२ वर्षांचा होता. त्यातली काही वर्षं हा गडी स्वतः पोलिसात होता! दुकानातून हातोडा आणि कुत्रे पळवायचा स्प्रे चोरताना सापडला म्हणून १९७९मध्ये नोकरी गेली.

पण मला विचाराल तर पहिला नमस्कार डॉ. पीटर स्पेथना. १९८०मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरात याच डीअँजेलोने एका जोडप्याचा खून केला. मृतदेहावरच्या नमुन्यांची दोन किट करायची, ही शवविच्छेदन करणाऱ्या या डॉक्टरांची सवय. एक तपासासाठी, दुसरं राखीव, फ्रीझरमध्ये. डीएनए प्रोफाइलिंगचा शोध लागायला तेव्हा अजून चार वर्षं होती, म्हणजे हे नेमकं कशाला उपयोगी पडेल हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते राखीव किट जवळपास चार दशकांनी शाबूत सापडलं.

मग वंशावळीच्या साइट्सवर त्यातलं डीएनए प्रोफाइल चढवलं, लांबचे चुलत-मावस भाऊ सापडले, त्यांच्या खापरपणजोबांपासून खाली उतरत वय, गाव, वर्ण जुळवत एकेक नाव गाळलं. शेवटी डीअँजेलोच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून नमुना पुसून घेतला आणि कचऱ्यातला टिश्यू उचलला. जुळलं!

आता खटकलेलं. सगळ्यांना खुल्या असलेल्या जीईडीमॅच या वंशावळीच्या साइटवरच काय, खाजगी कंपन्यांच्या साइट्सवरही गुपचूप, साध्या ग्राहकासारखं प्रोफाइल चढवलं होतं. २०१७मध्ये तर ओरेगॉनच्या नर्सिंग होममधल्या एका निर्दोष म्हाताऱ्याचा नमुना घेऊन झाला होता. ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे कमेंटमध्ये लिहायला सोपं आहे. लांबच्या भावाने हौसेने थुंकी पाठवली म्हणून माझी कुंडली पोलिसांकडे का जावी? न्यायालयाची परवानगी तरी घ्या.

आपल्याकडे डीएनएच्या वापराचे नियम ठरवणारं विधेयक २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. उत्तम. पण गोळा केलेलं पुढची तीस वर्षं कुठल्या फ्रीझरमध्ये राहणार, आणि वीज गेली तर त्याची चौकशी कोण करणार, हे कुणी विचारतंय का?