दांडीला फुले चार

मुंबईत थंडी पडते असे मानणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पारा १६ अंशांवर उतरताच ‘मुंबईकर गारठले’ असा मथळा देणारी वर्तमानपत्रे हा पहिला वर्ग, आणि दुसऱ्या वर्गात आमच्या सौभाग्यवती एकट्याच आहेत. तेवढ्या थंडीच्या भांडवलावर त्या विक्रोळीतल्या आमच्या गॅलरीत मोठ्या फुलांचे स्वीट पी, म्हणजे मटारच्या जातकुळीतल्या वेलीची सुगंधी फुले, फुलवतात, आणि नुसते फुलवत नाहीत, तर स्पर्धेत मांडतात.

ही फुले मूळची सिसिलीची. फ्रांचेस्को कुपानी नावाच्या तिथल्या मठवासी साधूने १६९९ मध्ये त्यांचे बी इंग्लंडला धाडले, तेव्हा फुले लहानच होती, पण घमघमणारी होती. पुढे हेन्री एकफर्ड यांनी ती आकाराने वाढवली आणि १९०१ मध्ये अर्ल स्पेन्सर यांचे माळी सायलस कोल यांनी लहरदार पाकळ्यांची ‘काउंटेस स्पेन्सर’ ही जात प्रदर्शनात मांडून साऱ्या इंग्लंडला वेड लावले. ही सनावळी मला तोंडपाठ आहे, कारण गॅलरीत काम करत असताना ती मला ऐकवली जाते. तिचे तात्पर्य एवढेच, की मोठ्या फुलाला गार हवा, खोल माती आणि हाताखाली एक माणूस लागतो. पैकी पहिल्या दोन गोष्टी विक्रोळीत मिळत नाहीत.

बियांचे कवच इतके टणक असते, की नेलकटरने त्याचा टवका काढून त्या रात्रभर भिजत घालाव्या लागतात. रुजण्यासाठी १५ अंशांच्या आसपासचा गारवा हवा, आणि आमच्याकडे दिवाळी उलटली तरी पंखा पाचावर असतो. म्हणून बियांची वाटी माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात विसावते आणि महिनाभर त्या माठाला हात लावायची कोणाची छाती होत नाही.

खरा छळ रोपे वीतभर झाली की सुरू होतो. घरच्या हौसेसाठी लावलेला वेल जाळीवर मनसोक्त पसरतो, पण स्पर्धेच्या वेलाला तशी मुभा नसते. एका बांबूवर एकच खोड चढवायचे, पानांच्या बगलेतून डोकावणारा प्रत्येक कोंब खुडायचा आणि झाडाचा सारा जीव फुलांच्या दांड्यांत उतरवायचा, अशी ती रीत आहे. पानाच्या टोकाला फुटणारे तणावेही काढावे लागतात, नाहीतर ते शेजारच्या फुलाच्या दांडीला मिठी मारून ती वाकडी करतात. तणावे काढल्यावर वेलाला आधार उरत नाही, म्हणून त्याला हातभर अंतराने मऊ सुतळीने बांधायचे. म्हणजे जे काम वेल स्वतः फुकट करत होता ते त्याच्याकडून काढून घेऊन माझ्याकडे सोपवलेले आहे. एकदा एका तणाव्याने रात्रीतून माझ्या वाळत घातलेल्या बनियनला तीन वेढे घातले. झालेल्या चौकशीत दोष बनियनचा निघाला आणि कपड्यांची दोरी न्हाणीघरात गेली.

इतके करून दुपारी ३२ आणि पहाटे १७ अंश अशी हवा झाली, की कळ्या पिवळ्या पडून गळतात. परीक्षकांना लांब, ताठ दांडीवर एकाच दिशेला तोंड केलेली, सारख्या अंतरावरची निदान चार फुले हवी असतात. आमच्याकडे तिसऱ्यावर गाडी अडते.

उमललेली फुले कापत राहावेच लागते, कारण शेंगा धरल्या की वेल आपले कर्तव्य संपले असे समजतो. शेजारच्या काकू मात्र म्हणाल्या, “अहो, धरू द्या की शेंगा! मटार काय स्वस्त आहे का?” ही विदर्भातल्या लाखोळी डाळीची चुलत बहीण असून हिच्या बिया विषारी असतात, असे मी त्यांना समजावले. तेव्हापासून त्यांनी आमच्याकडची मटारची करंजीसुद्धा खाल्लेली नाही.

१९११ मध्ये ‘डेली मेल’ या दैनिकाने स्वीट पीच्या सर्वोत्तम गुच्छाला १,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. देशभरातून खोकी भरभरून फुले लंडनला गेली आणि स्कॉटलंडमधल्या स्प्राउस्टन गावच्या पाद्र्याच्या पत्नीने पहिले बक्षीस पटकावले. स्वतः पाद्रीबुवा तिसरे आले. सौभाग्यवती ही कथा दर जानेवारीत सांगतात आणि पाद्रीबुवांनी तणावे किती निष्ठेने खुडले असतील, यावर विशेष भर देतात.

आमची स्पर्धा दादरला एका हौशी मंडळाची असते. यंदा फुलांची बादली घेऊन मी लगेजच्या डब्यात चढलो, तेव्हा मेथीच्या गोणीवर बसलेल्या बाईंनी वाकून एक दीर्घ श्वास घेतला आणि विचारले, “काय भाव लावलाय?” विकायची नाहीत, असे मी सांगितले. “मग वाहताय कशाला?” या प्रश्नाचे उत्तर कुर्ला गेले तरी मला सुचले नाही.

स्वीट पीच्या गटात आमचीच एक प्रवेशिका होती. परीक्षकांनी चष्मा कपाळावर ढकलून प्रत्येक दांडीवरची फुले मोजली, पुन्हा मोजली, आणि आम्हाला दुसरा क्रमांक दिला. पहिला कोणालाच नव्हता.

परतीच्या गाडीत सौभाग्यवतींनी बराच विचार केला. त्यांच्या मते दोष आमच्या मेहनतीत नसून विक्रोळीच्या हवेत आहे. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला पहाट दोन अंश तरी अधिक गार असते, आणि त्यांच्या धाकट्या भावाची तिथली गॅलरी रिकामीच पडली आहे. तणावे तर रोजच्या रोज खुडावे लागतात, आणि विक्रोळीहून बोरिवलीला जायला दादरला गाडी बदलावी लागते, हे मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

“मग जरा लवकर निघत जा,” त्या म्हणाल्या.